जोखीम पत्करताना मेंदूत काय चालते : डोपामिन, कॉर्टिसॉल आणि आपले निर्णय

वासंती_धरमपेठ (धागाकर्ती)

काटोल, नरखेड, कळमेश्वर या पट्ट्यातल्या संत्रा बागायतदाराला दरवर्षी एक निर्णय टळत नाही. आंबिया बहाराची फळे अजून हिरवी असतानाच व्यापारी बागेत येतो, निरनिराळ्या ओळींतल्या काही झाडांभोवती फिरून फळांचा अंदाज घेतो आणि सबंध बागेची एक ठोक रक्कम सांगतो. ती मान्य करून इसार घेतला की पुढची फळगळ, वादळवारा आणि नागपूरच्या कळमना बाजारातले पडते भाव यांची चिंता व्यापाऱ्याची होते. नाकारली तर तोडणीपर्यंतची जोखीम शेतकऱ्याच्या डोक्यावर राहते, आणि भाव चढले तर तो फायदाही त्याचाच असतो. सारखी जमीन, सारखे पाणी आणि सारखाच खर्च असलेले दोन शेजारी या प्रश्नाची परस्परविरुद्ध उत्तरे देतात, आणि एकच शेतकरी एका वर्षी घाईने सौदा करून मोकळा होतो तर दुसऱ्या वर्षी शेवटपर्यंत थांबतो. ‘ज्याचा त्याचा स्वभाव’ असे म्हणून आपण हा विषय मिटवतो. आयुष्यभर शरीरक्रियाशास्त्र शिकवल्यामुळे मला हे उत्तर अपुरे वाटते, कारण माणसाचा स्वभाव असा वर्षागणिक पालटत नाही. मेंदूतल्या रसायनांचे प्रमाण मात्र दिवसागणिक, काही वेळा क्षणाक्षणाला पालटते.

डोपामिनपासून सुरुवात करते, कारण सर्वांत जास्त गैरसमज याच रसायनाबद्दल आहेत. गोड खाल्ले किंवा मोबाइलवर कोणी कौतुक केले की डोपामिन वाढते आणि म्हणून आपल्याला सुख वाटते, असे समाजमाध्यमांवर सर्रास लिहिले जाते. स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस डोपामिन हे मेंदूतले स्वतंत्र संदेशवाहक रसायन असल्याचे दाखवले आणि त्यासाठी त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु ते नेमका कोणता संदेश वाहून नेते याचा उलगडा व्हायला मधली काही दशके जावी लागली. स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मध्यमेंदूतील डोपामिन बनवणाऱ्या पेशींच्या नोंदी घेतल्या. फळाच्या रसाचा थेंब अनपेक्षितपणे तोंडात पडला की या पेशी जोरात उद्दीपित होत. पुढे प्रत्येक वेळी रसाआधी दिवा लागू लागला, माकडाला ते उमगले, आणि मग पेशी दिवा लागतानाच उद्दीपित होऊ लागल्या. रस तोच, तितकाच गोड असूनही तो मिळताना त्यांच्यात काही फरक पडेनासा झाला. दिवा लागूनही रस मिळाला नाही, तर ज्या क्षणी तो मिळायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी त्यांचे कार्य नेहमीच्या पातळीच्याही खाली जात असे.

शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी १९९७ साली याचा अर्थ लावला तो असा, की या पेशी सुख मोजत नाहीत. अपेक्षा काय होती आणि प्रत्यक्ष हाती काय आले, यांतला फरक त्या कळवतात. दुकानदाराने रात्री गल्ला मोजताना दिवसभराच्या अंदाजाशी तो ताडून पाहावा, तसे हे काम आहे. अंदाजापेक्षा जास्त आले तर ‘हे पुन्हा कर’, कमी आले तर ‘हे सोड’, आणि जेवढ्यास तेवढे आले तर मौन. २००३ साली शुल्ट्झ यांच्याच गटाने आणखी एक निरीक्षण प्रसिद्ध केले, आणि जोखमीच्या दृष्टीने मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. संकेत मिळाल्यापासून फळ मिळेपर्यंतच्या मधल्या काळात काही डोपामिन पेशींचे कार्य हळूहळू चढत जाते, आणि मिळेल की न मिळेल याची शक्यता निम्मी-निम्मी असते तेव्हा ही चढण सर्वाधिक असते. म्हणजे अनिश्चितता ही स्वतःच मेंदूला खेचून धरणारी गोष्ट आहे.

दुसरी बाजू तोट्याची. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ साली मांडले की मिळणाऱ्या रुपयाच्या आनंदापेक्षा जाणाऱ्या रुपयाचे दुःख मोठे असते. १९९२च्या त्यांच्या अंदाजानुसार सुमारे सव्वादोन पट. हे केवळ मानसशास्त्रातले निरीक्षण नाही, त्याला मेंदूत जागा आहे. अमिग्डाला हा बदामाच्या आकाराचा भाग दुर्मिळ आजाराने दोन्ही बाजूंनी निकामी झालेल्या दोन स्त्रियांची चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली. पैशांचे गणित त्यांना व्यवस्थित समजत होते, परंतु तोट्याची ती जास्तीची धास्ती त्यांच्यात दिसून आली नाही. या धास्तीत नॉरअॅड्रिनॅलिन या ताणाच्या वेळी स्रवणाऱ्या रसायनाचाही हात आहे, कारण त्याचा परिणाम अडवणारे, रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्रोप्रॅनोलॉल हे औषध दिल्यावर काही लोकांमध्ये ती कमी झाल्याचे आढळले आहे. सेरोटोनिन या आणखी एका संदेशवाहक रसायनाचा संबंध धीराने वाट पाहण्याशी आणि अन्याय्य वाटणारा व्यवहार झिडकारण्याशी जोडला गेला आहे, पण त्याचे चित्र अजून बरेच गुंतागुंतीचे आहे. या सर्वांवर कपाळामागचा अग्रमेंदू लांबचा विचार करून लगाम ठेवतो.

माझे म्हणणे एवढेच आहे, की कोणताही एक रेणू आपल्या वतीने निर्णय घेत नाही. लाभ आणि तोटा यांना आपण त्या घटकेला किती वजन देतो, हे मात्र ही रसायने बदलतात. त्यामुळे निर्णय कोणता घ्यायचा याइतकाच तो कोणत्या अवस्थेत आणि कोणत्या वेळी घ्यायचा, हा प्रश्न गंभीरपणे विचारला पाहिजे. सर्वांनी आपापल्या अनुभवासह लिहावे.

संत्रामळा_काटोल

वासंतीताई, सौद्याचे वर्णन अगदी बरोबर आहे. त्यात थोडी भर घालतो. व्यापारी झाडाखाली वाकून आतल्या फांद्यांवरची फळे पाहतो, खाली गळून पडलेली फळे पायाने बाजूला सारतो, त्यातले एखादे उचलून देठाजवळ निरखतो आणि काही न बोलता पुढच्या ओळीत जातो. ती शांतताच फार जड असते. शेवटी गाडीजवळ येऊन तो आकडा सांगतो आणि वर म्हणतो की हा भाव आजच्यापुरता आहे. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सततच्या पावसात फळगळ सुरू असताना हे घडते, तेव्हा रोज सकाळी झाडाखाली पडलेला सडा पाहून मन आधीच कच्चे झालेले असते. त्यात बँकेचा हप्ता आणि मुलीच्या वसतिगृहाचे पैसे भरायचे असतात. अशा वर्षी मी सौदा लवकर करतो आणि बरे पीक असलेल्या, मन निवांत असलेल्या वर्षी थांबतो. नीट पाहिले तर हे उलटे आहे, कारण पीक कमी असते त्या वर्षीच पुढे भाव चढण्याची शक्यता जास्त असते. हा ताणाच्या रसायनांचा परिणाम मानावा का?

वासंती_धरमपेठ

भाऊ, तुम्ही जे लिहिले आहे त्याच्याशी जुळणारे संशोधन आहे, फक्त ते लंडनच्या शेअर दलालांवर झालेले आहे. जॉन कोट्स आणि जो हर्बर्ट यांनी २००८ साली तिथल्या १७ पुरुष दलालांच्या लाळेतील संप्रेरके कामाच्या आठ दिवसांत मोजली. ज्या दिवशी सकाळी टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक जास्त, त्या दिवशी त्यांचा नफाही जास्त, असे आढळले. कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक मात्र तोट्याबरोबर चढत नव्हते; निकाल किती वरखाली होत आहेत आणि बाजार किती अस्थिर आहे, यांबरोबर ते चढत होते. शरीराला तोट्यापेक्षा बेभरवशाची स्थिती अधिक छळते, असा त्याचा अर्थ निघतो. तुमची रोज सकाळची फळगळ ही नेमकी तशीच स्थिती आहे.

पुढे २०१४ साली कोट्स यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांना औषधाने आठ दिवस कॉर्टिसॉलची पातळी सुमारे ६९ टक्क्यांनी वाढवून ठेवली. अशी वाढ बाजारातल्या अस्थिर दिवसांत आपोआप होते, म्हणून ते प्रमाण निवडले होते. पातळी थोडा वेळ वाढली तेव्हा जोखीम घेण्याच्या वृत्तीत फारसा फरक पडला नाही. ती दिवसेंदिवस वाढलेली राहिली तेव्हा तीच माणसे स्पष्टपणे सावध झाली आणि खात्रीच्या कमी रकमेकडे झुकली. एका दिवसाच्या धावपळीने निर्णय बिघडत नाही. आठवडेभर झोप उडवणारी काळजी तो बदलते.

तरीही एक गोष्ट ठामपणे सांगते. हातात शिल्लक नसलेल्या माणसाने कमी भावात सौदा करणे हा त्याच्या मेंदूचा दोष नाही. ज्याला एक वर्ष तोट्यात काढणे परवडतच नाही, त्याने खात्रीची रक्कम घेणे हे शहाणपणाचे असू शकते, आणि त्यावर उपाय वेळेवर मिळणारे कर्ज आणि पीकविमा हाच आहे. ध्यानधारणा शिकवून तो प्रश्न सुटणार नाही. तुमच्या हाती असलेली गोष्ट एवढीच, की या रकमेखाली बाग द्यायची नाही असा आकडा फळगळ सुरू होण्याच्या आधी, घरच्यांसह बसून, कागदावर लिहून ठेवावा. ‘आजच्यापुरता’ या शब्दाचा जोर मग बराच कमी होतो, कारण विचार करण्याचे काम निवांत डोक्याने आधीच झालेले असते.

निरभ्र

काकू, मी नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रात नोकरीला आहे. आमच्या घरात माझा आतेभाऊ गेली काही वर्षे शेअर बाजारात ऑप्शन्सचे, म्हणजे ठरावीक मुदतीत भाव कुठे जाईल यावर पैसे लावण्याच्या करारांचे, व्यवहार करतो. सुरुवातीला त्याला एकदा मोठा फायदा झाला, आणि तेव्हापासून सकाळी सव्वानऊला बाजार उघडला की तो कोणाशी बोलत नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेले आकडे मी त्याच्यासमोर ठेवले : २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला आणि तो तोटा मिळून १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेला. त्याला हे आकडे पाठ आहेत. तो म्हणतो की त्याचे अंदाज बहुतेक वेळा अगदी थोडक्यात चुकतात, म्हणजे तो शिकतो आहे. हुशार माणूस आहे, हिशेब त्याला माझ्यापेक्षा चांगला येतो. मग आकडे समोर असूनही ते मनापर्यंत का पोचत नाहीत?

वासंती_धरमपेठ

‘अगदी थोडक्यात चुकतात’ या वाक्यातच उत्तर आहे. केंब्रिजमध्ये ल्यूक क्लार्क यांच्या गटाने २००९ साली जुगाराच्या यंत्रासारखा एक खेळ लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये खेळायला दिला. चाक हव्या असलेल्या चित्रापासून एकच घर अलीकडे किंवा पलीकडे थांबले, तर खेळणाऱ्यांना ते सरळ हरण्यापेक्षाही अधिक अप्रिय वाटत होते, आणि तरीही पुन्हा खेळण्याची इच्छा त्यामुळे वाढत होती. जिंकल्यावर मेंदूचे जे भाग जागे होतात, त्यांतले काही भाग या हुकलेल्या डावातही जागे झाले. यातला बारकावा असा, की चित्र खेळणाऱ्याने स्वतः निवडलेले असेल तेव्हाच ही इच्छा वाढली. यंत्राने निवडून दिलेले असताना वाढली नाही. नेमबाजीत किंवा क्रिकेटमध्ये थोडक्यात हुकणे हे खरोखर प्रगतीचे लक्षण असते, म्हणून मेंदू त्याची दखल घेतो. निव्वळ योगायोगाच्या डावात त्याचा काही उपयोग नसतो, पण मेंदूला तो भेद आपोआप कळत नाही. ऑप्शन्समध्ये तर भाव, मुदत आणि दिशा सगळेच आपण निवडलेले असते, आणि भाव हव्या त्या आकड्याच्या आसपास घुटमळत राहतो.

आकडे मनापर्यंत न पोचण्याचे कारण असे, की ९३ टक्के हा आकडा वाचून समजतो आणि अपेक्षेचा हिशेब ठेवणाऱ्या पेशी अनुभवातून शिकतात. त्याचा पहिलाच मोठा फायदा अनपेक्षित होता, म्हणून त्या वेळचा डोपामिनचा संदेश फार जोरकस गेला असणार. २०१५ साली लंडनमध्ये निरोगी लोकांना डोपामिन वाढवणारे लेव्होडोपा दिले, तेव्हा त्यांनी लाभाची आशा असलेले डाव अधिक वेळा पत्करले. तोट्याच्या धास्तीत मात्र काहीही फरक पडला नाही. तोटा दाखवून तुम्ही त्याला थांबवू पाहता, पण तो खेळतो आहे लाभाच्या ओढीने. म्हणून माझा सल्ला असा, की आकडे दाखवणे थांबवून व्यवहाराची जागा बदलावी : मोबाइलवरचे अॅप काढून टाकणे, रक्कम ठरवून खाते दुसऱ्याच्या संमतीशिवाय न भरणे, आणि प्रत्येक सौद्याआधी अपेक्षा लिहून ठेवून नंतर ती ताडून पाहणे. कर्ज काढून किंवा घरच्यांपासून लपवून हे चालले असेल, तर तो आजार समजून मनोविकारतज्ज्ञांची भेट घ्यावी. केंद्र शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

रेशीमबाग_वाचनालय

धागा उत्तम आहे, परंतु दोन आक्षेप नोंदवणे मला आवश्यक वाटते. पहिला आक्षेप पुराव्याचा. सतरा दलाल, दोन रुग्ण स्त्रिया, स्कॅनरमध्ये बसवलेले मोजके विद्यार्थी, यांवरून काटोलच्या शेतकऱ्याविषयी आणि नागपुरातल्या तरुणाविषयी किती बोलावे? या क्षेत्रातील गाजलेला प्रयोग म्हणजे आयोवाचा पत्त्यांचा खेळ. अंतोनियो दामासियो यांच्या गटाने १९९४ साली तो मांडला. चार गड्ड्यांपैकी दोन प्रत्येक पानाला १०० डॉलर देतात पण अधूनमधून मोठा दंड लावतात, आणि उरलेल्या दोन गड्ड्या ५० डॉलरच देतात पण दंडही लहान असतो, त्यामुळे शेवटी त्याच फायद्याच्या ठरतात. अग्रमेंदूच्या खालच्या-मधल्या भागाला इजा झालेले रुग्ण तोट्याच्या गड्ड्यांतून पाने उचलत राहिले. निरोगी माणसांना मात्र कारण कळण्याआधीच त्या गड्ड्यांकडे हात नेताना तळहाताला सूक्ष्म घाम येऊ लागला, असे त्यांनी १९९७ साली लिहिले, आणि शरीराला मनाआधी कळते असा बोलबाला झाला. २००४ साली माइया आणि मॅक्लेलँड यांनी खेळणाऱ्यांना नेमके प्रश्न विचारून दाखवून दिले, की त्यांना गड्ड्यांविषयी बरेच काही जाणीवपूर्वक ठाऊक होते. एवढा प्रसिद्ध निष्कर्षही वादग्रस्त ठरला, तर बाकीच्यांचे काय?

दुसरा आक्षेप जबाबदारीचा. ‘डोपामिनने करवून घेतले’ हे उद्या कोणीही म्हणू शकेल. दारू पिऊन गाडी चालवणाराही म्हणेल.

वासंती_धरमपेठ

पहिल्या आक्षेपाशी मी पुष्कळ अंशी सहमत आहे. एका लहान प्रयोगावरून एका माणसाविषयी भाकीत करू नये, आणि स्कॅनरमध्ये अमुक भाग उजळला म्हणून अमुक भावना होती असे उलटे अनुमान तर मुळीच काढू नये. मी विश्वास ठेवते तो निरनिराळ्या दिशांनी आलेले पुरावे एकाच ठिकाणी मिळतात तिथे. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतील फरकाचा सिद्धांत माकडांच्या पेशींत, उंदरांत, माणसांच्या स्कॅनमध्ये आणि यंत्रांना शिकवण्याच्या गणितात स्वतंत्रपणे आढळला आहे. शुल्ट्झ, डायन आणि रे डोलन यांना त्यासाठी २०१७ साली ब्रेन प्राइझ मिळाले. लंडनच्या दलालांवरील अभ्यासाला मी तेवढे वजन देत नाही. तो दिशा दाखवतो, एवढेच.

जबाबदारीविषयी माझे मत वेगळे आहे. कारण समजले म्हणजे कृत्य माफ झाले असे होत नाही. दारू अग्रमेंदूचा लगाम सैल करते हे प्यायला बसणाऱ्याला आधीच ठाऊक असते, म्हणून गाडीची किल्ली दुसऱ्याकडे देण्याची त्याची जबाबदारी वाढते. मात्र बदल माणसाच्या नकळत, औषधाने किंवा आजाराने झालेला असेल, तर तिथे दोष देण्याआधी थांबले पाहिजे.

गोरेवाडा_आई

माझा सतरा वर्षांचा मुलगा घरच्या माणसाला मागे बसवून गाडी चालवतो तेव्हा अतिशय जबाबदारीने चालवतो. मित्रांबरोबर फुटाळा तलावावर गेला की त्याच्याविषयी जे ऐकू येते त्यावर विश्वास बसत नाही. तो दोन तोंडांनी वागतो असे माझ्या सासूबाईंचे म्हणणे आहे.

वासंती_धरमपेठ

तो दोन तोंडांनी वागत नाही. गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली गाडी चालवण्याचा संगणकीय खेळ तीन वयोगटांना दिला. एकटे असताना किशोर आणि प्रौढ यांच्यात फारसे अंतर नव्हते. मित्र शेजारी बसताच किशोरांनी पत्करलेली जोखीम जवळजवळ दुप्पट झाली आणि प्रौढांची होती तेवढीच राहिली. पुढे २०११ साली स्कॅनरमध्ये दिसले की मित्र पाहत आहेत एवढे कळल्यानेही किशोरांच्या मेंदूतले लाभाची दखल घेणारे भाग अधिक जागे होतात. डोपामिनची ही यंत्रणा वयात येताना जोर धरते आणि लगाम धरणारा अग्रमेंदू पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्का होत राहतो. म्हणून त्याला धोके समजावून सांगण्यात फार शक्ती घालवू नका, ते त्याला ठाऊक आहेत. परवाना मिळेपर्यंत आणि नंतरही काही काळ मित्रांना घेऊन गाडी न्यायची नाही, हा एकच नियम मात्र ठामपणे पाळून घ्या. अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी पन्नास सीसीहून मोठ्या इंजिनची गाडी देणे तर कायद्यानेही चुकीचे आहे.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. सलग रात्रपाळ्यांनंतर सकाळी घरी जाताना मी नको ती खरेदी करते आणि रस्ताही बेफिकीरपणे ओलांडते, हे माझ्या यजमानांनी लक्षात आणून दिले. याचा या विषयाशी संबंध आहे का?

वासंती_धरमपेठ

थेट संबंध आहे. सिंगापूरमधील एका गटाने २००७ आणि २०११ साली एका रात्रीच्या जागरणानंतर लोकांची पारख केली. लाभाच्या आशेला मेंदूचा प्रतिसाद वाढला, तोट्याला मिळणारा प्रतिसाद बोथट झाला, आणि तोटा टाळण्याकडून लाभ मिळवण्याकडे त्यांचा कल वळला. हा बदल केवळ लक्ष विचलित झाल्यामुळे नव्हता, म्हणून डोळे टक्क उघडे आहेत याचा अर्थ निर्णयशक्ती शाबूत आहे असा धरू नका. पैशांचे आणि सह्यांचे काम झोप झाल्यावरच करावे.

मानेवाडा_कन्या

वरची चर्चा वाचून लिहिण्याचे धाडस करते आहे. माझ्या वडिलांना काही वर्षांपूर्वी कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, झाल्याचे निदान झाले. आयुष्यभर ते काटकसरीने राहिले. बाजारातून भाजी आणली तरी त्याचा हिशेब वहीत लिहीत. औषधे सुरू झाल्यानंतर काही महिन्यांनी ते लॉटरीची तिकिटे आणू लागले. आधी एक-दोन, मग गठ्ठे. कपाटातल्या स्वेटरच्या घडीत, देवघराच्या खालच्या खणात, जुन्या पंचांगात तिकिटे सापडू लागली. मुदत ठेव मोडल्याचे बँकेतून आलेल्या संदेशावरून कळले. आम्ही त्यांना फार बोललो. भाऊ तर म्हाताऱ्याला लोभ सुटला असे तोंडावर म्हणाला आणि ते रडले. दुसऱ्या एका डॉक्टरांनी औषधांची यादी पाहून पहिलाच प्रश्न विचारला, की हे जुगार किंवा खरेदी करतात का? प्रामिपेक्झोल नावाची गोळी होती. आधी जिथे उपचार चालू होते, तिथे कोणीही आम्हाला या शक्यतेची कल्पना दिली नव्हती. आता मात्रा कमी करत आणली आहे. ताई, हे नेमके का होते, हे मला भावाला समजावून सांगायचे आहे.

वासंती_धरमपेठ

तुमच्या वडिलांना लोभ सुटलेला नव्हता, हे भावाला पहिल्या वाक्यात सांगा.

कंपवातात मध्यमेंदूतील डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात, पण सगळ्या एकदम मरत नाहीत. हालचालींना डोपामिन पुरवणारा भाग आधी आणि जास्त रिकामा होतो. लाभ-हानीचा हिशेब करणारा भाग सुरुवातीला बराच शाबूत असतो. गोळी मात्र साऱ्या मेंदूत सारखीच पोचते. हालचालींसाठी योग्य ठरणारी मात्रा शाबूत भागाला जास्त होते. शिवाय प्रामिपेक्झोल आणि रोपिनिरोल ही औषधे डोपामिनची नक्कल करून त्याच्या ग्राहींना, म्हणजे पेशींवरील त्याचा संदेश टिपणाऱ्या जागांना, चिकटतात, आणि ज्या प्रकारच्या ग्राहींकडे त्यांची विशेष ओढ असते ते लाभाशी निगडित भागात दाट असतात. आता माकडांचा प्रयोग आठवा. अपेक्षित रस मिळाला नाही की पेशींचे कार्य खाली जाते आणि त्या घसरणीतूनच ‘हे सोड’ हा धडा मिळतो. ग्राही औषधाने सतत व्यापलेले असतील तर ती घसरण पलीकडे पोचतच नाही. मायकेल फ्रँक यांनी २००४ साली कंपवाताच्या रुग्णांमध्ये हेच दाखवले : औषध न घेतलेल्या अवस्थेत ते चुकीच्या निवडींपासून अधिक शिकत, औषध घेतल्यावर बरोबर निवडींपासून. तिकीट लागले नाही याचा धडा तुमच्या वडिलांच्या मेंदूपर्यंत पुरेसा पोचत नव्हता, आणि लागेल या आशेचा आवाज मात्र मोठा होता.

हे दुर्मिळही नाही. अमेरिका आणि कॅनडातील ३०९० रुग्णांच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १३.६ टक्के रुग्णांना जुगार, खरेदी, खाणे किंवा लैंगिक वर्तन यांपैकी एखादी अनावर ओढ आढळली. या प्रकारची औषधे घेणाऱ्यांत हे प्रमाण १७.१ टक्के होते आणि न घेणाऱ्यांत ६.९ टक्के. एवढे स्पष्ट ठाऊक असताना चिठ्ठी लिहून देणाऱ्याने ही दोन वाक्ये कुटुंबाला सांगितलीच पाहिजेत, असे मी आग्रहाने म्हणते. रुग्ण स्वतः लाजेने सांगत नाही, आणि घरच्यांना गोळीचा संशयही येत नाही.

मानेवाडा_कन्या

मनापासून आभार. भावाला हे सगळे वाचून दाखवले. तो बराच वेळ बाबांच्या खोलीत बसून होता. आणखी एक विचारते, तिकिटे आता थांबली आहेत, पण बाबा उदास आणि अस्वस्थ असतात, रात्री घाम येतो. गोळी पूर्ण बंद करून टाकावी का?

वासंती_धरमपेठ

स्वतःहून मुळीच बंद करू नका. ही औषधे कमी करताना काही रुग्णांना बेचैनी, उदासी, घाम, थकवा आणि औषधाची तीव्र ओढ असा त्रास होतो, आणि ज्यांना आधी अशा अनावर ओढी होत्या त्यांना तो होण्याची शक्यता अधिक असते. तुम्ही सांगितलेली लक्षणे आणि गोळीची मात्रा कोणत्या तारखेला किती कमी केली हे एका कागदावर लिहा आणि पुढच्या भेटीची वाट न पाहता याच आठवड्यात मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. मात्रा आणखी सावकाश उतरवायची की लेव्होडोपाचे प्रमाण बदलायचे, हे त्यांनी ठरवायचे आहे. तोपर्यंत बँकेचे व्यवहार दोघांच्या सहीने होतील अशी व्यवस्था बाबांच्या संमतीने करा, आणि हिशेबाची वही त्यांच्याकडेच राहू द्या.